पूर्व डावीकडे

१२ नोव्हेंबर
पोचले. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी., शेवटचा रस्ता अण्णांच्या मोटारसायकलवर लॅपटॉप पोटाशी धरून. आईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. टोमॅटोच्या शेडनेटमध्ये ओल्या सरीत घसरली. फोनवर फक्त "जरासं लागलं" एवढंच कळवलं होतं. ऐन क्रॉसिंगच्या दिवसांत हात मोडून बसलो म्हणून ती हातापेक्षा स्वतःवरच जास्त चिडलेली.
तीन आठवडे राहायचं. सकाळ-संध्याकाळ टोमॅटो, दुपारी गच्चीवर तान्हा, म्हणजे माझा तारा. पुण्याचे गाईड सर म्हणाले, "जा गं, पेपर स्वीकारलाय, प्रूफ येईपर्यंत तुला काम तरी काय आहे?" खरंच काही नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. जरा भीतीच वाटते.

१३ नोव्हेंबर
हात सगळं विसरलेत. संध्याकाळी मादीच्या ओळीतली उद्या उमलेल अशी कळी निवडायची, चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे, म्हणजे कळी सोलायची. सकाळी त्याच फुलाला नराचे पराग लावायचे. लावले की देठाशी असलेल्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कात्रीने कापायच्या. ही खूण. फळ पिकल्यावर पाकळ्या कापलेल्या दिसल्या तर बियाण्यात, नाही तर फेक. आधीच उमललेलं फूल घ्यायचं नाही. त्याने आपलेच पराग घेतलेले असतात, बी भेसळीचं निघतं.
आई खुर्ची टाकून बसलेली, डाव्या हाताने हुकूम सोडत. तिचं माहेर नांदुऱ्याकडचं. तीस वर्षं इकडे काढली तरी मले-तुले सुटलं नाही. "घाई कायले करून राह्यली? फूल पळून जाते काय?" मी तासाला किती कळ्या करते ते मोजत होते. तिला ते कळलं असावं.
बियाणं घेणारी कंपनी हे बी पेरते, झाडं वाढवून बघते, मग लॉट पास की नापास ते कळवते. मधल्या काळात कोणालाच काही ठाऊक नसतं. एका वर्षी नापास झाला होता. अण्णा महिनाभर आईशीही धड बोलले नव्हते.

१५ नोव्हेंबर
पत्र आलं!! परदेशातली दोन वर्षांची संशोधनाची जागा. मी, वैशाली, पोस्टडॉक. "तुमच्या ग्रहाच्या खुणेवरील कामामुळे निवड समिती विशेष प्रभावित" वगैरे. तीनदा वाचलं. मग खाली जाऊन आईला सांगितलं, ती म्हणाली, "किती दूर?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग चहा तरी पी आधी."
सरांचा फोन. आवाजात पेढे. "अगं, त्या एका चित्रावर जागा मिळाली तुला. आकृती चार."
आकृती चार. माझं बाळ.

१६ नोव्हेंबर
बातमी अण्णांनी फोडली. दुपारी हेडमास्तर हजर. मी शाळेत होते तेव्हा भूगोल शिकवायचे, आता हेडमास्तर आहेत. "आपल्या शाळेच्या मुलीने ग्रह शोधला! चोवीस तारखेला सत्कार." मी म्हटलं, सर, ग्रह नाही, ग्रहाची खूण. म्हणाले, "तेच ते." अण्णा मान डोलावत उभे. फ्लेक्स देऊळगावला छापायला टाकला म्हणे. मुलांना समजेल असा एक मोठा तक्ता मी करून द्यायचा आहे.
नाही कसं म्हणणार. शिवाय खरं सांगायचं तर छान वाटलं.

१७ नोव्हेंबर
आईला समजावलं. म्हणजे तिने समजावून घेतलं.
"कोणता ग्रह? शनी का?" नाही, नवा. "लोकायले पीडा द्यायले होते ते कमी होते काय?" हसून हसून कात्री पडली.
मग नीट सांगितलं. तान्हा म्हणजे एक कोवळा तारा. वय वीस लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून अंगावर पिणारा. त्याच्याभोवती धुळीची तबकडी, त्यात एक कडं. ती धूळ चिकटत चिकटत खडे होतात, खड्यांचे गोळे, गोळ्यांचे ग्रह. साध्या डोळ्यांनी काही दिसत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या लहरींत बघावं लागतं. मिलिमीटरच्या लहरीत बारीक वाळूएवढे कण दिसतात, सेंटिमीटरच्या लहरीत मोठे खडे.
आई म्हणाली, "म्हणजे चाळण्या." अगदी. प्रबंधात पाच पानं खर्च केली मी यावर.
मिमीचं चित्र ताजं. सेंमीचं दुसऱ्या दुर्बिणींचं, नऊ वर्षं जुनं. दोन्ही एकमेकांवर ठेवून भागाकार केला की मोठे खडे कुठे साठलेत ते कळतं. सगळीकडे सारखे निघाले तर काही नाही. माझ्या आकृती चारमध्ये ते एकाच बाजूला गच्च साठलेत. कुणीतरी त्यांना तिथे अडवून धरलंय. तो कुणीतरी म्हणजे ग्रह, हे आमचं म्हणणं.
"अन् एवढे खडे एका जागी दुसऱ्या कशानं नाई येणार?" मी म्हटलं, सगळं तपासलंय.

१८ नोव्हेंबर
तक्ता. अंगणात कार्डशीट पसरून कडं रंगवलं, डाव्या बाजूला खड्यांचा ढीग, कोपऱ्यात दिशांचे बाण. उत्तर वर, पूर्व डावीकडे. आई चहा घेऊन आली (डाव्या हातात, निम्मा सांडलेला). "पूर्व इकडं लिहिली? उलटी काऊन?"
आकाशाचा नकाशा असाच असतो, म्हटलं. जमिनीचा नकाशा वरून खाली बघतो. आकाश खालून वर. उताणं झोप, डोकं उत्तरेला कर, डावा हात पूर्वेला येतो. ती खरंच बाजेवर आडवी झाली, प्लास्टरचा हात पोटावर, आणि डावा हात पसरला. हात गोठ्याकडे गेला. सूर्य तिकडूनच उगवतो. "हो वं. बरोबर हाय."
आणि मग उठता उठता, "मंग तुह्या त्या कॉम्प्युटरले हे ठाव हाय का? का तो उजवीकडंच पूर्व धरते?"
हसले. तो चुकत नाही म्हटलं.
आता संध्याकाळचे साडेपाच. कळ्या सोलून आले. आईचा कॉम्प्युटरचा प्रश्न डोक्यातून जात नाही. उद्या उगाच एकदा बघते. उगाच.

१९ नोव्हेंबर
उणे पाहिजे. मी अधिक घातलंय.
लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटेल. तारे स्थिर नसतात. तान्हा दर वर्षी पूर्वेकडे रेसभर सरकतो. म्हणून नऊ वर्षं जुनं चित्र नव्यावर ठेवण्याआधी पूर्वेकडे तेवढंच सरकवायचं. पूर्वेकडे म्हणजे डावीकडे. कॉम्प्युटर मात्र चित्रातले ठिपके डावीकडून उजवीकडे मोजतो, त्याला अधिक म्हणजे उजवीकडे. मी अधिक घातलं. चूक पुसायच्या ऐवजी दुप्पट केली. दोन बांगड्या एकमेकींवर ठेवायच्या त्या मी बाजूला सारल्या, आणि मग भागाकार केला. एक बाजू गच्च येणारच! दुसरं काय येणार!
तारा स्वतः या लहरींत दिसत नाही, नुसतं कडं दिसतं. तो दिसला असता तर त्यावरून जुळवता आलं असतं आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं.
चिन्ह बदललं. पुण्याच्या मशीनवर परत चालवलं. नेट चार वेळा गेलं, मी गच्चीच्या कठड्यावर चढून बसले. चित्र वरून खाली हळूहळू उतरलं. कडं सगळीकडून सारखं. ढीग गेला.
जेवण गेलं नाही. आईला म्हटलं डोकं दुखतंय.

२० नोव्हेंबर
कुणाला सांगितलं नाही.
सकाळी शेडनेटमध्ये होते पण नव्हते. हात चालू, डोक्यात तो अधिक. सातव्या ओळीच्या शेवटी लक्षात आलं की काल संध्याकाळी मी तिथल्या बऱ्याच कळ्या सोललेल्याच नव्हत्या. काल संध्याकाळी त्या ओळीत मी काहीच नीट केलेलं नव्हतं. फुलं उमललेली, पुंकेसर आत तसेच, आणि मी वरून पराग लावून दोन-दोन पाकळ्या कापून पुढे गेलेले. सगळ्या ओळीवर खूण झालेली. कुठली सोललेली आणि कुठली नाही, आता देवालाही सांगता येणार नाही.
बाहेरून बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं.
आईने विचारलं, "सातवी झाली?" मी हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर
प्रूफ आलं. अठ्ठेचाळीस तासांत तपासून परत पाठवा. म्हणजे तेवीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत.
आकृती चार छापल्यावर फार सुंदर दिसते. मत्सर वाटावा इतकी.
दिवसभर स्वतःशी वकिली. नव्या, बरोबर जुळवलेल्या भागाकारात अगदीच काही नाही असं नाही. कड्याच्या दक्षिणेला एक पुसट डाग उरतो. पूर्वीच्या जागी नाही, वेगळ्याच. चित्रातल्या गोंगाटापेक्षा जरासा वर. तोही खरा असू शकतो. मग पेपर "थोडा बदलून"... कुठे बदलून? शीर्षकातच "पूर्वेकडील संचय" आहे. पूर्वेकडे काही नाही.
चूक कळवलीच नाही तर? म्हणजे गप्प राहिलं तर? कुणाला कळेल? कुणीतरी तिसऱ्या लांबीच्या लहरीत बघेल, दोन-तीन वर्षांनी. तोवर मी तिकडे असेन, पगारावर, दुसऱ्या ताऱ्यावर काम करत. हे वाक्य मी लिहिलं. माझ्याच हातचं आहे. फाडणार नाही.
सरांचा मेसेज: "प्रूफ पाहिलंस? झकास!" अंगठा पाठवला. नुसता अंगठा. स्वतःची चीड आली.

२२ नोव्हेंबर
आईला सातवी ओळ सांगितली. तान्ह्याचं नाही, फक्त ओळीचं. सकाळी, तिने खुर्ची टाकायच्या आत. माझा आवाज विचित्र निघाला असणार, कारण अण्णाही पाण्याचा पाइप सोडून आले.
वाटलं ओरडेल. ती सातव्या ओळीशी गेली, दोन फुलं वळवून बघितली, पाकळ्या कापलेल्या. "सगळ्यायवर खूण केली?" हो. "किती सोलल्या होत्या?" माहीत नाही. थोड्या.
अण्णा म्हणाले, "अर्ध्या तरी बऱ्या असतील की. एका ओळीनं काय लॉट पडायलाय?" लहान आवाजात. त्यांना ते वर्ष आठवत असणार.
आई म्हणाली, "कोणत्या अर्ध्या?"
ती डाव्या हाताने खुडायला लागली. डावखुरी नाही, देठं नीट तुटत नव्हती, फांदीच ओढली जायची. मी पुढे झाले. दोघींनी मिळून अख्खी ओळ, खुणेची सगळी फुलं, आधीच्या दिवसांची धरलेली बारकी हिरवी फळंसुद्धा, कारण त्यांच्यातही आता कुठली कुणाची ते सांगता येत नव्हतं. बादली भरली. अण्णांनी ती उचलली आणि बांधापलीकडे नेऊन ओतली. त्यांची पाठ बघवली नाही.
मग मी बांधावर बसून रडले. आईला वाटलं फुलांसाठी. "अवं, पुन्हा येतात फुलं. झाडं तर उभे हायेत न."
तेव्हा तान्ह्याचं सांगितलं. सगळं. जागेचंसुद्धा.
तिने डावा हात पदराला पुसला. मग एवढंच विचारलं, "तुह्या सरले ठाव हाय?"

२३ नोव्हेंबर
सकाळी दहाला सरांना फोन केला, चूक सांगितली. मग, "कोणाला सांगितलंस?"
आईला, म्हटलं.
"आईला." मग ओरडले. पाच वर्षांत पहिल्यांदा. एक चिन्ह! दोन वेळा पेपर परीक्षकांकडे जाऊन आला आणि एक चिन्ह! मी ऐकून घेतलं. मग स्वतःच म्हणाले की आकृती त्यांनीही पाहिली होती, दिशांचे बाणही पाहिले होते, आणि ठेवला फोन.
बारा वाजता परत फोन. आता आवाज गोड. दक्षिणेचा डाग किती पक्का? त्यावर पेपर उभा राहतो का बघू. घाईने काही पाठवू नकोस, संपादकांकडून आठवडाभर मुदत मागून घेऊ, कारण काहीही देऊ, तब्येत वगैरे. "तुझ्या जागेचा विचार कर. मी तुझ्यासाठी बोलतोय."
खरंच माझ्यासाठी बोलत होते, हेच वाईट. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.
मी विचारलं, "सर, डाग खरा की खोटा, आत्ता सांगता येतं का?"
"आत्ता नाही. तिसऱ्या लांबीत बघावं लागेल."
"मग आत्ता छापायचं काय?"
सर म्हणाले, "पहिलं नाव तुझं आहे. पत्र तू लिही. एक प्रत मला टाक."
लिहिलं. सात ओळी. चूक काय, कशी, निष्कर्ष टिकत नाही, पेपर मागे घेत आहोत. चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. मग तिकडच्या समितीलाही तेच, दोन ओळी जास्त. त्या दोन ओळी लिहायला दीड तास लागला. खाली आई कळ्यांसाठी हाका मारत होती.

२४ नोव्हेंबर
सत्कार. रद्द करा म्हणून सकाळी सातलाच हेडमास्तरांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि हताशपणे म्हणाले, "पण फ्लेक्स तर लागला."
लागलाच होता. फाटकावर. माझा फोटो, मागे शनीची कडी (शनीची!), "नवा ग्रह शोधणारी आपली लेक".
शाल, नारळ, भाषणं. मला उभं केलं. तक्ता लावलेला होता, जुनाच, डावीकडे खड्यांचा ढीग. पांढरा खडू घेतला आणि ढिगावर फुली मारली. म्हटलं, मी ग्रह शोधलेला नाही. चूक शोधली, तीही स्वतःची. मग उताणं झोपायची गोष्ट सांगितली. पोरं लगेच बाकांवर आडवी व्हायला लागली, शिक्षकांची धांदल. टाळ्या पडल्या, पण कशासाठी ते कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. पुढे बसलेले गावातले दोघं-तिघं एकमेकांकडे बघत राहिले. एक जण अण्णांना म्हणाला, "मंजे नाईच का सापडला?" अण्णा म्हणाले, "नाई सापडला." मान वर करून म्हणाले. मी बघितलं.
आठवीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, चूक कोणी पकडली?"
पहिल्या रांगेत आई, प्लास्टर पदराखाली लपवून. तिच्याकडे बोट केलं. ती इतकी लाजली की उठून जायला निघाली.

२७ नोव्हेंबर
सरांचा मेल, एका ओळीचा: तिसऱ्या लांबीसाठी दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज करू, मसुदा तू कर. खाली "नीट झालं ते" असं काहीतरी लिहून खोडल्यासारखी मोकळी जागा. कदाचित माझी कल्पना.
तिकडून काहीच नाही. दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाते, कठड्यावर चढते. अण्णा म्हणाले, "पडशील, मग दोघी प्लास्टरमधी."

२९ नोव्हेंबर
समितीचं उत्तर. जागा काढून घेतली असं नाही, दिली असंही नाही. "तुमच्या पत्राबद्दल आभार. निर्णयाचा फेरविचार होईल. गुरुवारी दुपारी चारला बोलू या." वीस वेळा वाचलं. "फेरविचार" या शब्दात काहीही मावतं.
सातव्या ओळीला नव्या कळ्या आल्यात. कंपनीचा माणूस आला, ओळ मोकळी का म्हणून विचारून गेला. आईने खरं सांगितलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

गुरुवार. दुपारी साडेतीन
अर्धा तास आहे. लॅपटॉप गच्चीवर, नेटच्या दोन कांड्या. अर्जाचा मसुदा उघडा, त्यात नवं चित्र, दक्षिणेचा तो पुसट डाग. सकाळपासून बघतेय. कधी दिसतो, कधी मीच ओढूनताणून बघते असं वाटतं. डागाभोवती एक बारीक गोल काढला होता, वर बाण, बाणाशी "ग्रह?" असं लिहिलेलं.
आई जिना चढून आली. कालच प्लास्टर निघालं, हात अजून बारीक आणि पांढरा दिसतो. चहा ठेवला, आज न सांडता. पडद्यावर वाकून बघितलं.
"हा काय आता? इथं हाय का तुहा ग्रह?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही. असेलही.
"अन् त्यायनं इचारलं तं?"
हेच सांगीन. माहीत नाही म्हणून.
तिने गोलावर बोट ठेवलं. "मंग पाकळ्या कापू नको अजून."
गोल पुसला. बाणही. डाग तेवढा राहिला. चारला पाच कमी आहेत.